अंगठ्याखालचं नाव

घर गरम करणारी फर्नेस सुरू झाली की आमच्या बेसमेंटमध्ये माणसं ओरडतात. म्हणजे तसं वाटतं. आधी पत्र्याच्या पाइपात कुठेतरी टक्‌ होतं, मग लांबून ऊऊऊ असा आवाज उठतो, वाढत जातो आणि चारही भिंतींतून एकदम यायला लागतो. भरल्या स्टेडियममध्ये एखाद्या खेळाडूची हुर्यो उडवतात, हुबेहूब तसा. लहानपणी मी त्या आवाजाला घाबरून जिना चढून पळायची. काल पळाले नाही. दोन पोरांची आई झाले आता, पळून कसं चालेल? पण कठड्याला हात गेला, हे कबूल करते.

शॉमबर्गचं हे टाउनहाउस विकलंय. आई-बाबा आता माझ्याजवळ राहायला येणार, म्हणून आवराआवरीला मी आठवडाभर आलेय. वरचं सगळं खोक्यांत गेलं. बेसमेंट शेवटी ठेवलं होतं, कारण ते कुणालाच नको होतं. आई म्हणाली, "तूच जा बाई खाली, माझे गुडघे दुखतात." तिचे गुडघे परवा दिवसभर दुकानात छान चालत होते.

खाली तोच वास होता. दमट गालिचा, डांबराच्या गोळ्या, आणि वीस वर्षांच्या उदबत्तीचा भिंतींनी पिऊन टाकलेला धूर. छताजवळच्या अरुंद खिडकीतून गवत दिसतं, जमिनीच्या पातळीवरून. त्या खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. नुसते पाय बघून मी माणूस ओळखायची, आणि त्याचा मला फार गर्व होता.

समोरच्या भिंतीवर मास्तर अजून होता. पोस्टरचा रंग पार उडालाय. टोपी, चेहरा, हातातला चेंडू, सगळं फिकट निळं झालंय आणि डोळ्यांच्या जागी नुसतं पांढुरकं. त्याच्या शेजारी एक रिकामा आयत. भिंत काळवंडली, तेवढा तुकडा स्वच्छ राहिला. मधे एकदा आईनं ती भिंत रंगवून घेतली होती, मास्तरच्या कडेकडेनं, तरी तो आयत पुन्हा वर आला. रंगारी म्हणाला असं होत नसतं, आणि पैसे घेऊन निघून गेला. त्या आयतात पैलवान होता.

ही नावं मीच ठेवलेली. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट, मी अकरा वर्षांची असेन. नागपूरहून येऊन आम्हाला चार वर्षं झाली होती. बाबांना क्रिकेटची भूक होती आणि इथे क्रिकेट नव्हतं, म्हणून त्यांनी बेसबॉल धरला. आईला इंग्रजी आडनावं लक्षात राहत नसत, "तो अमका आला का ग बॅटिंगला?" एवढंच ती विचारायची. म्हणून मी तिच्या सोयीसाठी बारसं केलं. आमच्या संघाचा चेंडू टाकणारा गोरा, उंच, बारीक, सामना नसला की चष्मा लावणारा. डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकांवर, बसून छोट्या वहीत काहीबाही लिहायचा. तो मास्तर. आणि आमचा काळा फलंदाज, ज्यानं बॅट फिरवली की चेंडू पार्किंगच्या दिशेनं जायचा, तो पैलवान. आईला ती नावं इतकी पसंत पडली की शनिवारी जमणाऱ्या सगळ्या मराठी घरांत तीच चालू झाली. त्याचा मोठा होम रन, म्हणजे बेसबॉलचा षटकार, झाला की त्या घरांतले सुहासकाका फोन करून नुसतं म्हणायचे, "पैलवान!" आणि ठेवून द्यायचे.

वही पैलवानाकडेही होती. बाबांनी एकदा टीव्हीवर दाखवली होती मला, मांडीवर ठेवलेली, काळ्या कव्हरची. मी म्हटलं, "काहीतरी चित्रं काढत असेल." आम्ही दोघंही त्याच्यावर जीव टाकायचो, खोटं नाही सांगत.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा गप्प माणूस. पहाटे पाचला उठायचे, अंघोळ, खाली येऊन बुद्धाच्या तसबिरीपुढे उदबत्ती, वंदना, मग डबा घेऊन ऑफिस. पार्किंगमध्ये पहिली गाडी त्यांची असायची. चार वर्षं एकाच टेबलावर प्रोग्रामिंग केलं आणि त्या वर्षी त्यांच्या टीमच्या मॅनेजरची जागा निघाली होती. हे मला त्यांनी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात गरम हवेच्या पाइपांतून स्वयंपाकघरातलं बोलणं खाली बेसमेंटमध्ये ऐकू यायचं. मी गालिच्यावर पडून होमवर्क करायची आणि भिंत माझ्या आईच्या आवाजात म्हणायची, "या वेळी तरी होईल ना हो?" आणि मग बाबांच्या आवाजात, "व्हायला पाहिजे. माझ्याशिवाय आहे कोण?" ते इतकं विश्वासानं बोललेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आणि रविवारी सकाळी आमचा खेळ असायचा.

बाबा पेपरचं खेळाचं पान उघडायचे. खेळाडूच्या नावावर अंगठा ठेवायचे आणि उरलेलं मला मराठीत करून वाचून दाखवायचे. मी ओळखायचं, कोणाबद्दल आहे. धावा, आकडे वगळायचे, नाहीतर सोपं होईल. फक्त वर्णन. "डोक्यानं खेळतो. मैदानावर पहिला येतो, शेवटी जातो." मास्तर. "जन्मजात ताकद. अशी देणगी शिकवून येत नाही. पण मन लावलं तर." पैलवान. "आज हरला, पण हिंमत बघा." मास्तर. "आज जिंकला, पण वागणूक बघा." पैलवान. बरोबर आलं की एक लिमलेटची गोळी. नागपूरहून आजोबा पाठवायचे, पारदर्शक कागदातली, नारंगी.

माझं एकदाही चुकलं नाही. एकदाही. पुढे पुढे बाबांनी दुसऱ्या संघांतले खेळाडू घेतले, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं, आणि विचारायचे, "बरं, नाव जाऊ दे. मास्तरच्या जातीचा की पैलवानाच्या?" तेही मला अर्ध्या वाक्यात कळायचं. वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर तोंडात तयार. मला वाटायचं मी हुशार आहे. बाबा विचारायचे, "कसं ओळखलंस?" मी म्हणायची, "असंच. कळतं." ते गोळी द्यायचे आणि जरा वेळ माझ्याकडे बघत राहायचे. आज कळतं की तो खेळ ते माझ्याशी खेळत नव्हतेच. माझ्यावर काहीतरी तपासून बघत होते, आणि दर रविवारी त्यांच्या मनासारखं उत्तर येत नव्हतं.

मग त्या उन्हाळ्यात बातमी आली. ताकद वाढवायची बंदी असलेली औषधं घेणाऱ्यांची यादी फुटली, आणि तिच्यात दोघंही होते. मास्तर आणि पैलवान. एकच यादी, एकच औषध.

मास्तर टीव्हीवर आला, बायकोला शेजारी घेऊन. दुखापत लवकर बरी व्हावी म्हणून घेतलं, चुकलो, म्हणाला आणि रडला. आईसुद्धा रडली. पुढच्या सामन्यात लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. पैलवान आला, त्यानंही चुकलो म्हटलं. पण रडला नाही. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच, पश्चात्ताप दिसला नाही, उद्धट आहे. त्यानंतर तो ज्या गावी खेळायला गेला तिथे हुर्यो. बॅटिंगला येतानाच सुरू व्हायचं, ऊऊऊ. घरच्या मैदानावरही. बाबा टीव्हीचा आवाज बंद करून सामना बघायला लागले. आवाज बंद असला तरी मला तो ऐकू यायचा. हजारो तोंडं गोल झालेली, आणि मधे तो एकटा, बॅट खांद्यावर, चेहऱ्यावर काहीच नाही. मला तेव्हा ते चेहऱ्यावर काहीच नसणं भयंकर वाटायचं. तसाच चेहरा रोज सहा वाजता आमच्या दारातून आत यायचा, डबा ओट्यावर ठेवायचा, हे काही मला दिसलं नाही.

सुहासकाका म्हणजे बाबांच्या ऑफिसातले, आमचे सगळ्यात जवळचे. पुण्याचे, हसरे, मला "काय मॅडम" म्हणणारे. त्यांची मुलगी ऋचा माझी बेस्ट फ्रेंड. पहिल्या वर्षी आमच्याकडे गाडी नव्हती तेव्हा सुहासकाकाच बाबांना ऑफिसला ड्राइव्ह करून न्यायचे. ते पैलवानाबद्दल म्हणाले, "मला आधीच डाउट होता यार. अंग बघ ना त्याचं." मास्तरबद्दल म्हणाले, "माणूस आहे शेवटी." ऋचा आमच्या बेसमेंटमध्ये उभी राहून म्हणाली, "व्हाय डू यू स्टिल हॅव दॅट चीटर?" मी म्हटलं, मग मास्तर? ती म्हणाली, "ही सेड सॉरी."

ऑक्टोबर उजाडला. एका रविवारी बाबा उशिरा खाली आले. पेपर वरच राहिला होता, तरी हातात काहीतरी होतं. मी गालिच्यावर पालथी पडले होते, त्यामुळे मला ते दिसत नव्हतं, पण एक गोष्ट जाणवली. पेपरचं पान उलटताना सळसळ होते ना, ती झाली नाही. कागद आवाज न करता उलगडला. बाबा वाचायला लागले.

"काम अफाट करतो. थकत नाही. उपजत हात आहे, शिकवून येत नाही असा. पण सगळं मूडवर. मनात काय चाललंय कळू देत नाही, चारचौघांत मिसळत नाही. पुढे घालून काम करून घ्यावं, चमत्कार करेल. मोठी जबाबदारी द्यायची असेल तर मात्र जपून."

मी दुसऱ्याच वाक्याला हात वर केला होता. "पैलवान."

बाबा हसले. बाबा असे हसत नसत. बराच वेळ, आवाज न करता, खांदे हलवत. मग म्हणाले, "बरोबर," आणि मला दोन गोळ्या दिल्या. मी विचारलं, दोन का? म्हणाले, "आजचं अवघड होतं." मी मान वळवून बघितलं तेव्हा ते कागदाची चौकोनी घडी करत होते. कागद पांढरा होता. मी ते बघितलं, आणि गोळी तोंडात टाकली.

त्या संध्याकाळी पाइपातून आई म्हणाली, "मग लिहिलं कोणी असं?" बाबा म्हणाले, "बरोबरच्या लोकांकडून मत मागवतात. नावं सांगत नाहीत." मग नळाचा आवाज आला आणि पुढचं ऐकू आलं नाही. जागा बाबांना मिळाली नव्हती, एवढं कळलं. कागदाचा आणि त्याचा संबंध मी लावला नाही. अकरा वर्षांची होते. पायांवरून माणसं ओळखणारी, अतिशय हुशार.

पुढचा शनिवार आमच्याकडे होता. थंडी पडली होती, आणि वर्षातली पहिली फर्नेस त्याच दिवशी लावली, त्यामुळे घरभर जळक्या धुळीचा वास होता, त्यात आईच्या कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीच्या तळणाचा. मोठी माणसं सोफ्यावर, पोरं गालिच्यावर, मास्तर आणि पैलवान भिंतीवर. कुणीतरी म्हणालं, काहीतरी खेळू या. आणि मी, शहाणी, उठले. म्हटलं, आमच्याकडे एक खेळ आहे.

जुने पेपर आणले. नावावर अंगठा ठेवून इंग्रजीतच वाचायला लागले. पहिलं वाक्य झालं, सगळे ओरडले, "मास्तर!" दुसरं. "पैलवान!" काय मजा आली. काकू लोक पण उत्तरं द्यायला लागल्या, ज्यांनी आयुष्यात एक सामना पाहिला नव्हता त्याही. चार झाली, सहा झाली, कुणाचंच चुकेना. आठव्या-नवव्या वेळेला हसणं जरा पातळ झालं. सीमाकाकू, म्हणजे सुहासकाकांच्या बायको, म्हणाल्या, "अगं, पण आपल्याला कसं कळतंय हे?" खिडकीबाहेर कुणाचे तरी पाय थांबले होते, ते निघून गेले.

मला ते गप्प होणं सोसेना. माझा खेळ पडतोय असं वाटलं. म्हटलं, थांबा, एक अवघड आहे, याला आम्ही दोन गोळ्या देतो. आणि पेपर बाजूला ठेवून ते रविवारचं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. पाठांतर माझं पक्कं. काम अफाट करतो, थकत नाही, उपजत हात आहे. मूडवर. मोठी जबाबदारी द्यायची असेल तर मात्र जपून.

"पैलवान," सगळे एका आवाजात म्हणाले. ऋचा म्हणाली, काकू म्हणाल्या, पोरं म्हणाली. मागे फर्नेस पेटली, टक्‌ झालं, आणि ऊऊऊ सुरू झालं.

सुहासकाका काही म्हणाले नाहीत. त्यांची वडी हातात तशीच होती. ते माझ्याकडे बघत नव्हते, जिन्याकडे बघत होते. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बाबा उभे होते, पाण्याचा जग घेऊन. दोघं एकमेकांकडे बघत होते आणि फर्नेस ओरडत होती. मग बाबा म्हणाले, "बरोबर. चला, पानं घेतलीत," आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी मी पैलवानाला भिंतीवरून काढला. कारण विचाराल तर आजही धड सांगता यायचं नाही. आदल्या संध्याकाळी काहीतरी वाईट झालं होतं आणि ते माझ्यामुळे झालं होतं, एवढं पोटात कळलं होतं, आणि त्या खोलीत हाकलून देता येईल असा तो एकटाच होता. चुरगळून निळ्या डब्यात टाकला, रिसायकलिंगच्या. बाबांनी रात्री जेवताना विचारलं, "पैलवान कुठे गेला ग?" मी म्हटलं, "फाटला." ते म्हणाले, "बरं." रविवारचा खेळ त्यानंतर झाला नाही. मी मागितला नाही, त्यांनी काढला नाही. त्या जागेवरून काहीच आठवू नये म्हणून मी बरीच वर्षं मास्तरकडे बघून होमवर्क करत राहिले.

सुहासकाका मात्र येत राहिले. शनिवार चालूच होते. पाच वर्षांनी ते टेक्सासला गेले, तेव्हा बाबांनीच त्यांचं सामान ट्रकमध्ये चढवलं.

काल शेवटी बुद्धाची तसबीर उतरवली. मोठी आहे, जड. मागचा पुठ्ठा सुटला होता, खिळे गंजले होते. म्हटलं, नीट बसवून घेऊ. पुठ्ठा काढला, आणि पैलवान माझ्याकडे बघत होता.

मी तिथेच गालिच्यावर बसले. पोस्टर सपाट होतं, चुरगळल्याच्या रेघा इस्त्री केल्यासारख्या बसलेल्या, कोपऱ्यांना माझीच पिवळी पडलेली टेप. रंग मात्र जसाच्या तसा. वीस वर्षांत त्याला उजेड लागलाच नव्हता. काल छापल्यासारखे डोळे, घामाचा थेंब, मांडीजवळ काळी वही. समोर मास्तरचं भूत झालं होतं आणि हा अंधारात राहून जिवंत. रोज पहाटे आम्ही हात जोडत होतो, परीक्षेला जाताना, लग्न ठरलं तेव्हा, आणि तो मागे उभा होता.

पोस्टरच्या मागे एक पांढरा कागद होता, चौकोनी घडीचा. ऑफिसचा. बाबांचं नाव वर छापलेलं, खाली ती इंग्रजी वाक्यं. लिहिणाऱ्याच्या नावाची जागा कोरी.

जिन्यावर पावलं वाजली. मी आधी पाय बघितले, जुनी सवय. बाबा चौथ्या पायरीवर थांबले. माझ्या हातात काय आहे ते त्यांना दिसलं.

मी म्हटलं, "मी डब्यात टाकला होता."

"माहितीये," बाबा म्हणाले. "कचऱ्याची गाडी यायच्या आत काढला."

"हे सुहासकाकांनी लिहिलं होतं."

ते खाली आले, हळूहळू, आणि खोक्यावर बसले. म्हणाले, "मनापासून लिहिलं होतं त्यानं. त्याला वाटलं, माझं कौतुक करतोय. तू पैलवान नाव ठेवलंस तेही मनापासूनच ना? मलाही आवडलं होतं ते."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत त्यांना? पाच वर्षं शनिवारी वाढत होतात त्यांच्या पानात."

"त्यानं मला पहिलं वर्षभर ऑफिसला नेलं होतं. तेही खरंच होतं." फर्नेस बंद झाली आणि बेसमेंट एकदम इतकं शांत झालं की बाहेरच्या गवतातला वारा ऐकू आला. बाबा मास्तरच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांनी नाव ओळखलं. मीसुद्धा एक ओळखलं. मला तेवढी कुणी गोळी दिली नाही."

मी पर्स उघडली. लिमलेट कुठली असायला, खोकल्याची एक गोळी होती, पोरांसाठी ठेवलेली. ती मी त्यांच्या तळहातावर ठेवली. बाबांनी कागद सोलला आणि गोळी तोंडात टाकली.